सेकंदाला सोळा थांबे

(मास्तरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ कोल्हापुरात दिलेलं व्याख्यान)



व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा मी आयोजकांकडे दोनच गोष्टी मागितल्या. व्यासपीठावर एक भक्कम टेबल आणि त्यावर वरून पडणारा एक दिवा. दोन्ही मिळालं, त्याबद्दल आभार. मास्तरांच्या नावानं बोलायचं आणि हाताशी यंत्र नसायचं, हे मला जमलं नसतं. माझ्या या गुरूंच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं शिक्षण काय, हे त्यांनी विचारलंच नाही. समोर एक प्रोजेक्टर उघडून ठेवला होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘यातलं काय हलतंय आणि काय थांबतंय, तेवढं सांग.’ त्या प्रश्नाचं धड उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. आज तेच उत्तर मी तुमच्यासमोर पुन्हा देणार आहे. हातानं फिरवायच्या जुन्या सिनेमा कॅमेऱ्याबद्दल जे समजून घ्यायचं, ते बहुतेक सगळं त्या एका प्रश्नात बसतं.

हे कापड बाजूला करते. लाकडी पेटी, पितळी कोपरे, उजव्या अंगाला हँडल, पुढे बोटभर भिंग. नावाची पट्टी केव्हाच गळून पडली आहे. पण बांधणी इंग्लिश आहे आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेची असावी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तो याच घराण्यातला. मागच्या रांगांना दिसत नसेल, तर व्याख्यान संपल्यावर जरूर पुढे या आणि हँडल फिरवून बघा. ही वस्तू हाताला समजते, डोळ्यांना नंतर.

दार उघडलं की आधी वास येतो. जुनं लाकूड, मशीनचं तेल आणि थोडा कुबट मखमलीचा. कॅमेऱ्यात मखमल कशाला? हे दोन चपटे डबे बघा, एक वर, एक खाली. वरच्यात कोरी फिल्म, खालच्यात टिपून झालेली. फिल्म आत-बाहेर करायला प्रत्येक डब्याला एक बारीक फट आहे आणि त्या फटीच्या दोन्ही कडांना काळी मखमल लावली आहे. फिल्म सरकते, उजेड अडतो. शंभर वर्षांत मखमल झडते, एक केस निघून जातो आणि फिल्मवर बरोबर तिथेच काळी रेघ उमटते. जुन्या कॅमेऱ्याच्या तक्रारी अशा साध्या जागी असतात. लोक मात्र भिंग बदलायला निघतात.

आता मी या पेटीत एक पट्टी ओवते. उजेड लागून वाया गेलेली फिल्म आहे, त्यामुळे दार उघडं ठेवून चालवता येईल. वरच्या डब्यातून निघालेली फिल्म आधी या दातेरी चाकावर येते. चाकाचे दात फिल्मच्या कडेच्या भोकांत बसतात. मी हँडल फिरवते तसं हे चाक सलग फिरतं, न थांबता, आणि सलग फिल्म ओढत राहतं. तिथून फिल्म या उभ्या खिडकीशी येते. तिला गेट म्हणतात. भिंगातून आलेला उजेड इथे पडतो, चित्र उमटायचं ते इथेच. आणि इथेच अडचण आहे. उजेड पडताना फिल्म हलली तर चित्र फराटलं. म्हणजे गेटपाशी ती ठार थांबायला हवी. पण थांबूनच राहिली तर पुढचं चित्र कुठे घ्यायचं?

म्हणून गेटच्या मागे ही चीज आहे. पोलादाची दोन छोटी टोकं. आमच्या शेडमध्ये हिला ‘नखी’ म्हणायचे. सतार वाजवणाऱ्याच्या बोटातल्या तारेलाही आपण नखीच म्हणतो. मी हँडल अगदी हळू फिरवते, नखीकडे लक्ष ठेवा. ती भोकांत शिरली. फिल्म खाली ओढली. आता भोकांतून बाहेर पडली, मागे सरकली आणि फिल्मला न शिवता वर गेली. पुन्हा शिरली. ती वर जाते आहे तेवढा वेळ फिल्म गेटमध्ये उभी आहे, स्प्रिंगच्या पट्टीनं सपाट दाबून धरलेली.

शिवणाचं मशीन चालवलेल्या बायका इथे बऱ्याच असतील. त्यांना मी काही नवीन सांगितलेलं नाही. सुईखालच्या पत्र्यातून दाते वर येतात, कापड टाकाभर पुढे ढकलतात, खाली बुडतात, मागे जातात, पुन्हा वर येतात. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबलेलं असतं, सुई वर गेली की ते सरकतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात लुई ल्युमिए यांना आपल्या यंत्राची गुरुकिल्ली शिवणाच्या मशीनवरूनच सुचली. त्या भावांच्या यंत्राचे खेळ १८९५ साली पॅरिसमध्ये झाले आणि ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात. तेच यंत्र चित्र टिपायचं, तेच प्रत छापायचं आणि मागे दिवा ठेवला की तेच पडद्यावर दाखवायचं.

सुईच्या जागी कॅमेऱ्यात शटर आहे. भिंग आणि फिल्म यांच्या मधे फिरणारी ही तबकडी, निम्मी कापलेली. कापलेला भाग समोर आला की उजेड आत, भरीव भाग आला की अंधार. हिची आणि नखीची दातेरी चाकं एकमेकांत गुंतवलेली आहेत. अंधार झाल्याशिवाय नखी फिल्म ओढणार नाही आणि फिल्म थांबल्याशिवाय उजेड येणार नाही, अशी त्यांची बांधाबांध. ही बांधणी एका दातानं चुकली तर पडद्यावर दिव्याच्या ज्योतीला वर-खाली शेपूट फुटतं. धोतराचा पांढरा रंग हवेत ओघळल्यासारखा दिसतो. प्रेक्षकाला वाटतं, कॅमेरामनचा हात हलला. हात नसतो हलला. आत एक चाक एका दातानं पुढे बसलेलं असतं.

थोडा हिशेब करू. मूकपटाच्या काळी सर्वसाधारण वेग सेकंदाला सोळा चित्रांचा धरत. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा सोळावा भाग. त्यातल्या अर्ध्या वेळात शटर उघडं आणि फिल्म निश्चल, उरलेल्या अर्ध्यात शटर बंद. त्या बंद असलेल्या बत्तिसाव्या भागात नखीला १९ मिलिमीटर फिल्म खाली ओढायची असते आणि भोकांची कड न फाडता अलगद बाहेर पडायचं असतं. सेकंदाला सोळा वेळा ही पट्टी धावते आणि सोळा वेळा ठप्प उभी राहते. पडद्यावर आपण जी चाल बघतो, ती सगळी या थांब्यांमधून आलेली असते. धावण्याचं एकही चित्र फिल्मवर नसतं.

आता मास्तरांच्या प्रश्नाचा अवघड भाग. दातेरी चाक सलग फिल्म सोडतंय आणि नखी धक्क्याधक्क्यानं घेतेय. दोघांच्या मधे फिल्म ताणलेली असती तर पहिल्याच फेऱ्याला भोकं फाटली असती. म्हणून गेटच्या वर एक आणि खाली एक, असे हे दोन सैल फास ठेवलेले आहेत. इंग्रजीत याला लूप म्हणतात, आणि १८९५च्या सुमारास अमेरिकेतल्या लॅथम मंडळींच्या यंत्रापासून त्यांचं नाव या लूपला चिकटलं आहे. मला मात्र पतंगाचा शब्द जवळचा वाटतो. ही ढील आहे. नखीनं हिसका दिला की ढील आखडते आणि पुढच्या क्षणी चाक ती पुन्हा भरून देतं. यंत्र चालू असताना हे दोन फास जिवंत असल्यासारखे थरथरतात. तो थरथराट डोळ्यांना दिसला की कॅमेरा कळला, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

माझ्या बाबतीत तो फार महागात कळला. एका चित्रीकरणासाठी असाच जुना कॅमेरा दुरुस्त करून मी स्वतः घेऊन गेले होते. कुणाचं काम होतं ते सांगत नाही. भल्या पहाटेची वेळ, नदीवर धुकं, ते जायच्या आत चित्र मिळवायचं होतं. घाईत मी खालची ढील आखूड ठेवली. हँडल फिरवलं, आवाज किंचित बदलला. टक-टकच्या जागी टक-चट. मला तो ऐकू आला होता, आणि तरी मी थांबले नाही. दार उघडलं तेव्हा पेटीत फिल्मचा गुंता होता, चुरगळलेल्या आणि भोकं फाटलेल्या फिल्मचा. धुकं गेलं. त्या दिवशी परत आल्यावर मास्तर रागावले नाहीत. माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि संध्याकाळपर्यंत फिल्म ओवायला लावली. ओवायची, बोटानं ढील मोजायची, काढायची, पुन्हा ओवायची. आजही कॅमेरा हातात घेतला की माझं बोट आधी खालच्या ढिलीकडे जातं.

हँडलकडे येऊ. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. एका फेऱ्याच्या आठ चित्रांवरून मला केरव्याच्या आठ मात्रा आठवतात. इतक्या द्रुत लयीत केरवा कुणी वाजवणार नाही, पण मनगटाला सम सापडते. मोटर नव्हती, म्हणून वेग माणसाच्या अंगात होता. नट धावत सुटला तरी कॅमेरामननं आपली लय सोडायची नाही, ही त्याची पहिली शिकवण. हात मंदावला तर सेकंदात चित्रं कमी निघतात आणि पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. शिवाय प्रत्येक चित्राला उजेड जास्त मिळतो, म्हणजे चित्र उजळतं. हात भरभर फिरला तर याच्या उलट. जुने कॅमेरामन हे गुण मुद्दाम वापरत. पाठलाग हवा असला की हात किंचित सैल, देवतेचं दर्शन हवं असलं की किंचित चढा. आपण जुना मूकपट चुकीच्या वेगानं लावतो, पात्रं बाहुल्यांसारखी नाचताना पाहून हसतो आणि म्हणतो, त्या काळचं तंत्र कच्चं होतं. तंत्र पक्कं होतं. लावणाऱ्यानं वेग बघितलेला नसतो.

भिंगाचं शास्त्र मी आज बाजूला ठेवते, ते स्वतंत्र व्याख्यान आहे. फिल्मबद्दल मात्र एक सांगायला हवं. त्या वेळच्या फिल्मला निळा रंग फार लवकर दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. कुंकू काळं, लाल ओठ काळे, निळं आकाश कोरं पांढरं. म्हणून नटांचे चेहरे रंगवायची पद्धत वेगळी होती आणि म्हणूनच लाल दिव्याच्या उजेडात फिल्म हाताळता यायची. पुढच्या गोष्टीला हा लाल दिवा लागणार आहे.

मघाशी मी भोकं म्हणाले. ल्युमिए बंधूंच्या फिल्मला एका चित्राला दोन्ही कडांना एकेक गोल भोक असे. एडिसनच्या कारखान्यातून आलेल्या फिल्मला प्रत्येक कडेला चार-चार, चौकोनी वळणाची. जगानं एडिसनची पद्धत उचलली. ३५ मिलिमीटर रुंद फिल्म, एका फुटात सोळा चित्रं, एका चित्राला दोन्ही कडा मिळून आठ भोकं. नखी, दातेरी चाक, पुढे प्रिंटर, पुढे प्रोजेक्टर, या सगळ्यांचा भरवसा त्या भोकांवर. चित्र बिघडलं तर प्रेक्षक खपवून घेतो. भोक चुकलं तर खेळच बंद पडतो.

आणि त्या काळी फिल्म बऱ्याचदा बिनभोकांची विकत मिळायची. भोकं आपण पाडून घ्यायची.

फाळके १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि काही आठवड्यांत परत आले. त्यांनी नुसता कॅमेरा घेतला नाही. भोकं पाडायचं यंत्रही घेतलं, प्रत छापायचं घेतलं. मला त्यांच्या बुद्धीचं सगळ्यात मोठं प्रमाण इथे दिसतं. त्यांच्याआधी मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे आपल्या सावेदादांनी, इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. पण ती फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. फाळक्यांनी सगळी साखळीच दादरच्या घरात आणली. कोऱ्या पट्टीपासून पडद्यापर्यंत एकही कडी परक्याच्या हातात ठेवली नाही. छपाई, छायाचित्रण, ब्लॉक बनवणं, इतकंच काय जादूचे प्रयोगसुद्धा त्यांनी करून पाहिले होते. ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते जादू दाखवत, स्वतःचंच आडनाव उलटं करून. अशा माणसाला यंत्र बघितल्यावर पहिला प्रश्न पडतो तो ‘याच्या आधी काय लागतं आणि याच्यानंतर काय?’ हा.

परत आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि कॅमेरा समोर रोवून महिनाभर रोज थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढला. भांडवल देणाऱ्याला दाखवायला हा नमुना होता. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनं बघा. नखी रोज थोडं ओढते आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत फिल्म गेटमध्ये उभी. यंत्राचा थांबा किती लांबवता येतो, याचा तो प्रयोग होता. कॅमेऱ्याचा प्राण थांब्यात आहे, हे फाळक्यांना पहिल्याच महिन्यात समजलं होतं, असं मी खात्रीनं म्हणते.

आता सरस्वतीबाई. फाळक्यांनी आपल्या पत्नीला फिल्मला भोकं पाडायला शिकवलं, धुवायला शिकवलं. कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक, मुलंबाळं, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म. त्यांच्याबद्दल बोलताना लोक दागिन्यांची गोष्ट सांगतात. ती खरी आहे. दागिने गहाण पडले. पण त्यागाच्या गोष्टीत त्यांचं कसब झाकलं जातं, याची मला फार खंत वाटते. म्हणून मी एकदा बसून गणित केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट नोंदलेली आहे. फुटाला १६ चित्रं, म्हणजे ५९,२०० चित्रं. चित्राला आठ भोकं, म्हणजे ४,७३,६०० भोकं. ही एकाच प्रतीची. वाया गेलेले फूट, पुन्हा घेतलेले प्रसंग आणि मूळ निगेटिव्ह यांची भोकं निराळी.

आणि भोक नुसतं पडून चालत नाही. ते जागेवर पडावं लागतं. फिल्मवरचं चित्र साधारण २४ मिलिमीटर रुंद. वीस फुटी पडद्यावर ते अडीचशे पटीनं मोठं होतं. फिल्म भोकं पाडताना मिलिमीटरच्या दहाव्या भागानं घसरली, तर पडद्यावर राजवाडा इंचभर उडतो. पुढच्या चित्रात तो उलट बाजूला गेला की राजवाडा नाचायलाच लागतो. अंधारात, फार तर लाल दिव्याच्या मिणमिण उजेडात, बोटांच्या अंदाजानं पट्टी सरळ धरायची आणि यंत्राचा ठोका एकसारखा ठेवायचा. दिवसभर राबलेल्या हातांनी. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी जो हरिश्चंद्र पाहिला, तो त्र्यंबक तेलंगांनी टिपला होता आणि फाळक्यांनी दिग्दर्शित केला होता. तो पडद्यावर स्थिर उभा राहिला याचं मोठं श्रेय भोकं पाडणाऱ्या हातांचं होतं. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांच्या यादीत सरस्वतीबाईंचं नाव दिग्दर्शकाची पत्नी म्हणून येता कामा नये. तंत्रज्ञ म्हणून यायला हवं.

फाळक्यांना हे सगळं लपवून ठेवायचं नव्हतं, हे मला विशेष आवडतं. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटच त्यांनी १९१७ साली केला. त्यात ते स्वतः दिसतात, काम सांगताना आणि फिल्म हातात घेऊन तपासताना. आणि त्याच्या थोडं आधीपासूनच इथे, आपल्या कोल्हापुरात, दोन भाऊबंद त्यांचं यंत्र न बघताच त्याचं उत्तर शोधत होते.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, हातात लाकूड, माती, धातू सगळं खेळवणारं घर. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला आणि सिनेमा करायचं ठरवलं. कॅमेरा नव्हता, आणायला पैसे नव्हते. त्यांनी आधी प्रोजेक्टर मिळवून खेळ लावले. इथे मास्तरांची एक गोष्ट आठवते. ते म्हणायचे, प्रोजेक्टर रोज साफ करणाऱ्याला अर्धा कॅमेरा समजलेलाच असतो. दातेरी चाक तेच, ढील तीच, गेट तेच, थांबा तोच. फक्त उजेडाची दिशा उलटी. प्रोजेक्टरमध्ये उजेड मागून पुढे जातो, कॅमेऱ्यात पुढून आत येतो. उरलेला अर्धा कॅमेरा म्हणजे काळोख राखणारी पेटी आणि त्याहून कठीण असा थांब्याचा नेमकेपणा. प्रोजेक्टरमध्ये चूक झाली तर एक खेळ बिघडतो. कॅमेऱ्यात झाली तर ती मूळ फिल्मवर उमटते आणि प्रत्येक प्रतीत कायम राहते.

आनंदराव १९१६ साली गेले. कॅमेरा अर्धाच राहिला होता. बाबूरावांनी तो तडीला नेला, जोडीला विष्णुपंत दामले होते. कोल्हापुरात लेथवर, कानशीनं घासून, चुकलेलं चाक फेकून नवं करून. मी स्वतः एक नखी घडवायचा प्रयत्न केला आहे, तोही हातात तयार नमुना आणि मोजायला मायक्रोमीटर असताना. चौथी नखी चालली. पहिल्या तिन्हींनी भोकं फाडली. एकीचं पोलाद ठिसूळ पडलं, एकीचं टोक केसभर जाड राहिलं, एक भोकात नीट शिरायची पण निघताना कड ओरबाडायची. म्हणून नमुन्याशिवाय संपूर्ण कॅमेरा घडवणं म्हणजे काय, याचा मला हाताच्या वेदनेनं अंदाज आहे. त्याच कोल्हापूरच्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ टिपला गेला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. खरी कॉर्नरला आपण कॅमेऱ्याचं स्मारक उभं केलं आहे. त्याच्यासमोरून रोज जातो. कधी तरी तिथे थांबून मुलांना सांगा, की ही मूर्ती कॅमेऱ्याची आहे खरी, पण इथे कॅमेरा विकत आणलेला नव्हता, केलेला होता.

‘सैरंध्री’ आज आपल्याला पाहायला मिळत नाही. त्या काळचे बहुतेक मराठी मूकपट गेले. त्यांची फिल्म नायट्रेटची होती. कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेली, सुरुंगाच्या कापसाची चुलत बहीण. पेटली की पाण्यानं विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो. न पेटता राहिली तरी उबेत आणि दमट हवेत सडते. आधी चित्र फिकं होतं, मग फिल्म चिकट होते, मग तपकिरी भुकटी. काही रिळांतली चांदी काढून घ्यायला लोकांनी ती विकली. मला राग येतो तो या विकण्याचा नाही, पोटासाठी माणूस काय विकत नाही? राग येतो तो अजून माळ्यावर डबे पडून असताना आपण ते उघडून बघत नाही याचा.

म्हणून शेवटची काही मिनिटं मी तुमच्याशी व्यवहाराचं बोलते. आपल्या भागात फोटो स्टुडिओ होते, तंबू सिनेमे होते, प्रभात, शालिनी, जयप्रभा या स्टुडिओंत काम केलेल्यांची घरं आहेत. तुमच्या घरी असा एखादा कॅमेरा किंवा प्रोजेक्टर असेल तर तो चकचकीत करू नका. पितळ घासताना कोरलेले आकडे जातात आणि ते आकडेच यंत्राचं वय सांगतात. हँडल जड लागलं तर जोर करू नका. खोबरेल तेल, शिवणाच्या मशीनचं तेल, फवारा मारायचं तेल, काहीही ओतू नका. जुनं तेल आत डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, वरून ओतलेलं त्याला गेटपर्यंत नेतं आणि पुढची फिल्म बरबाद होते. आधी सगळं खोलून साफ करायचं, मग घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकानं. आणि खोलताना प्रत्येक स्क्रू कुठून निघाला त्याचं चित्र काढून ठेवा. ओळीनं कागदावर चिकटवून ठेवले तरी चालेल.

फिल्मचा डबा सापडला तर तो स्वयंपाकघरात, देवघरात, दिव्याजवळ नेऊ नका. झाकण उघडल्यावर उग्र आंबट वास आला, फिल्म चिकटलेली दिसली, भुकटी दिसली, तर ती उलगडायचा प्रयत्न करू नका. प्रोजेक्टरवर लावून बघण्याचा मोह तर अजिबात नको. डबा थंड, कोरड्या जागी उभा न ठेवता आडवा ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. ते लॉ कॉलेज रोडला आहे. डब्यावर काही लिहिलेलं असेल तर ते पुसू नका, चिकटवलेला कागदाचा कपटाही काढू नका.

आणि घरात ज्यांनी ही यंत्रं चालवली अशी वडीलधारी माणसं असतील, तर त्यांच्याशी आजच बोला. ढील किती ठेवायची, स्प्रिंग कुठे दाबायची, आवाज बदलला तर आधी काय बघायचं, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. मास्तरांचं नव्वद टक्के ज्ञान मी वहीत उतरवू शकले नाही. ते आता त्यांच्याबरोबर गेलं आहे.

मास्तरांची शेड अजून चालू आहे. शनिवारी दुपारी चारनंतर मी तिथे असते. कॅमेरा असेल तर घेऊन या, डबा असेल तर न उघडता नुसतं सांगायला या. पण आत्ता, हॉलचे दिवे जायच्या आत, या टेबलापाशी या आणि हे हँडल दोन फेरे फिरवून जा.